अधिकारश्रेणी (मुंबई महानगरपालिका)

प्रशासनातील पदांची, आज्ञा देण्याचा अधिकार व जाब देण्याचे उत्तरदायित्व यांनुसार लागलेली उतरंड. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील रहिवाशाचा तिच्याशी नित्य संबंध येतो तो महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात, आणि त्याहूनही आधी, भल्या पहाटे त्याची गल्ली झाडली जाते तेव्हा.

१८६५ च्या कायद्यान्वये शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झालेले आर्थर क्रॉफर्ड यांच्या सढळ खर्चामुळे करदात्यांत जो असंतोष माजला, त्यातून १८७२ चा कायदा व ६४ सभासदांची महानगरपालिका निर्माण झाली. परंतु त्या वादाच्या ऐन भरात, १८७१ साली, तरुण फिरोजशहा मेहता यांनी लोकनियुक्त सभेचा आग्रह धरीत असतानाच कार्यकारी सत्ता मात्र एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असावी असे जे प्रतिपादन केले, ते तत्त्व १८८८ च्या कायद्याने कायम केले. कलम ६४ ने ही सत्ता सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या ठायी एकवटली असून कलम ६८ अन्वये तिचा अंश हाताखालच्या अधिकाऱ्यांस सोपविता येतो. म्हणूनच वॉर्डातून निघणाऱ्या साध्या नोटिशीमागेही आयुक्ताचाच अधिकार उभा असतो. महापौर सभेचे अध्यक्ष खरे, पण या उतरंडीच्या बाहेरचे.

आयुक्ताखाली अतिरिक्त आयुक्त, परिमंडळाचा उपायुक्त आणि विभागाचा सहायक आयुक्त, ज्यास लोक अजूनही ‘वॉर्ड ऑफिसर’ म्हणतात. परळ-लालबाग एफ-दक्षिण विभागात, दादर पश्चिम जी-उत्तर विभागात, गिरगावचा बराच भाग डी विभागात मोडतो.

१९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यावर राज्यकारभारात संस्कृतोद्भव पदनामे रूढ होत गेली. तथापि शिपाई, हवालदार, जमादार, मुकादम हे फारसी-अरबी वळणाचे शब्द खालच्या पायऱ्यांवर टिकून राहिले. यांतला मुकादम प्रस्तुत लेखकास सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण चौकीत सफाई कामगारांची हजेरी घेऊन रस्ते वाटून देणारा हा माणूस हुकुमाचे प्रत्यक्ष कामात रूपांतर करतो, आणि वरच्या कोणत्याही अधिकाऱ्यास ते त्याच्यावाचून साधत नाही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘पुढे असलेला’. शाहीकाळात गावच्या पाटलासही तो लावीत. गिरणगावात गिरण्यांत कामगार भरती करणाऱ्या जॉबरलाही मुकादम म्हणत. परंतु जॉबरची हुकमत गाववाल्यांच्या ओळखीवर, उसनवारीवर आणि बदली कामगारास काम मिळवून देण्याच्या शक्तीवर उभी असे, व ती तो माणूस जाईल तिकडे त्याच्याबरोबर जाई. चौकीच्या मुकादमाचा अधिकार पदापुरता असतो. बदलीचा हुकूम निघाला की दुसऱ्या दिवशीच्या पाळीची हजेरी त्याच चौकीत दुसरा मुकादम घेतो.