प्रौढांसाठीचे मनोरंजन व पालकांची जबाबदारी

प्रौढांसाठी प्रमाणित केलेले चित्रपट व मालिका १८ वर्षांखालील मुलांच्या नजरेस पडू नयेत, यासाठी पालकांनी ठेवायची देखरेख. चलच्चित्र अधिनियम, १९५२ नुसार ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट मुलांना दाखवल्यास शिक्षा दाखवणाऱ्याला होते. १९८३ मध्ये ‘यूए’ वर्ग आला आणि निर्णयाचा मोठा वाटा आईवडिलांकडे गेला. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे ७, १३ व १६ वर्षांवरील असे टप्पे पाडले. ते पालकांच्या मार्गदर्शनापुरते आहेत.

व्हीसीआर भाड्याने मिळू लागला, तेव्हा हा प्रश्न थिएटरच्या दारातून घरात शिरला. रवी जाधव यांच्या ‘बालक-पालक’ (२०१३) या चित्रपटात मोठी माणसे टाळतात ती उत्तरे मुले कॅसेटमध्ये शोधू लागतात. दोष मुलांच्या माथी न मारणारी ही मांडणी फार मोलाची आहे.

चित्रपट आता फोनवरच दिसतो, त्यामुळे परंड्यासारख्या तालुक्याच्या गावीही मूल आणि चित्रपट यांच्यामध्ये तिकीटखिडकी उरलेली नाही. फोन वडिलांचा, रिचार्ज त्यांचाच, खाते अख्ख्या घराचे एक. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटी मंचांवर १३ वर्षांवरील वर्गांसाठी पालक-नियंत्रणाची सोय आणि ‘ए’ वर्गासाठी वयाची खातरजमा बंधनकारक केली. पण चार आकडी पिन बसवायला मुलालाच हाक मारली, की ते कुलूप फुकट जाते. पिन पालकांनी स्वतः बसवावा आणि तो का बसवला, हे मुलांना समोर बसवून सांगावे.