तापलेले शरीर, चुकणारे डोके

उन्हाळ्यात दुपारच्या तासाला मुले पेंगतात, सोप्या बेरजा चुकतात. आपण त्याला आळस म्हणतो. पण उष्णतेचा माणसाच्या डोक्यावर काय परिणाम होतो याचा शोध कसा लागत गेला ते पाहिले, की हा शब्द वापरताना आपण जरा थांबू.

सुरुवातीचा प्रश्न फक्त शरीराचा होता. १७७४ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज फोर्डाइस यांनी तापवलेल्या खोलीत चार्ल्स ब्लॅग्डेन आठ मिनिटे थांबले. तापमान होते २६० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२७ अंश सेल्सिअस! अशा उष्णतेत अंडी वीस मिनिटांत घट्ट शिजली. ब्लॅग्डेन यांची नाडी मिनिटाला १४४ वर गेली, पण ते सुखरूप बाहेर आले. हवा कोरडी होती. घाम भराभर वाळत होता आणि शरीर थंड ठेवत होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्न बदलला. उष्ण प्रदेशात काम करणारा माणूस टिकेल, पण अचूक काम करील का? केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनी उकाड्याची सवय करून दिलेल्या अकरा तारायंत्रचालकांना बसल्या जागी मोर्स संदेश उतरवून घ्यायला लावले. निष्कर्ष १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे २९ अंश सेल्सिअसला ताशी सरासरी १२ चुका होत. ३८ अंशांना १७. मात्र ४०-४१ अंशांच्या दमट हवेत त्या ९५ च्या आसपास गेल्या! सर्वांत तरबेज चालक फारसे चुकले नाहीत. बेताचे कौशल्य असणारे मात्र कोलमडले.

असे का व्हावे? मेंदूतून वाहणारे रक्त मोजण्याची पद्धत केटी आणि श्मिट यांनी १९४५ साली मांडली. त्याच तत्त्वाचा उपयोग करून डेन्मार्कमध्ये लार्स नीबो आणि सहकाऱ्यांनी २००२ साली सायकल चालवून तापलेल्या माणसांचे मेंदू तपासले. रक्तप्रवाह जवळजवळ एकपंचमांशाने घटला होता, आणि मेंदूची प्राणवायूची गरज उलट थोडी वाढली होती. शरीर तापले की श्वास जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. रक्त कमी आले, की मेंदूतली उष्णताही कमी वाहून नेली जाते.

वर्गातली मुले सायकलपटूंइतकी तापत नाहीत. तेव्हा त्यांच्या प्रत्येक चुकीचे खापर रक्तप्रवाहावर फोडता येणार नाही. तहान, अपुरी झोप, घामाने होणारी चिडचिड हीही कारणे असतात. पण मॅकवर्थ यांचे चालकही बसूनच काम करत होते, हे विसरू नये. अमेरिकेतल्या शाळांचा २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही सांगतो, की वातानुकूलन नसलेल्या शाळांत उष्ण वर्षी शिकणे कमी होते, आणि गरीब मुलांचे नुकसान अधिक.

म्हणजे ऊन सर्वांवर सारखेच पडते, त्याची किंमत मात्र सारखी नसते. पत्र्याच्या छपराखाली एप्रिलच्या दुपारी घेतलेल्या परीक्षेत आपण नेमके काय मोजतो? गणिताचा तास सकाळी घेणे आणि मधे पाणी प्यायला सोडणे एवढे तरी आपल्या हाती आहे.