एक जुलै 2020, इंदिरा चौक

पहाटे साडेपाचला तुम्ही डोंबिवली पूर्वेच्या इंदिरा गांधी चौकात उभे आहात, आणि मागून आवाज येतो, ‘ओ दादा, आधी तोंडाला काहीतरी बांधा!’ तुम्ही आजच्या सवयीने उघड्या तोंडाने आला आहात. खिशातला रुमाल काढून बांधता. बोलणारी बाई मान हलवते आणि तरीही दोन पावलं मागे सरकते. तारीख 1 जुलै 2020, बुधवार, आषाढी एकादशी. उद्या सकाळी सातपासून 12 जुलैपर्यंत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दोन्ही शहरं पुन्हा बंद होणार आहेत. मधे आजचा एवढा एकच दिवस आहे.

बसच्या रांगेचं टोक दिसत नाही. ‘शेपूट तिकडे, वळणावर,’ कोणीतरी हात करतं. तुम्ही चालत राहता. काखेत छत्री, पाठीला सॅक, सॅकच्या जाळीत सॅनिटायझरची बाटली. डब्यात आज बऱ्याच जणांच्या साबुदाण्याची खिचडी असणार. एरवी ही सगळी माणसं या वेळी चौकातून सरळ स्थानकात शिरली असती. मुंबई-ठाणे-कल्याणच्या उपनगरी गाड्यांतून रोज 80 लाखांच्या घरात माणसं जात होती. त्या गाड्या 22 मार्चच्या मध्यरात्री थांबल्या. 15 जूनला पुन्हा सुरू झाल्या, त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. बाराशे आसनांच्या गाडीत सातशेच माणसं बसवायची, असा नियम.

तुमच्या पुढे एक चाळिशीचे गृहस्थ आहेत. लोअर परळच्या एका खासगी कंपनीत हिशेब बघतात. 8 जूनपासून खासगी कार्यालयांना दहा टक्के माणसं बोलावायला परवानगी मिळाली आणि त्या दहात त्यांचं नाव आलं. ‘नाव आलं म्हणजे नोकरी शाबूत आहे, एवढं कळलं. पगार एप्रिलपासून अर्धा आहे,’ ते सांगतात. बस कधी मिळेल ते माहीत नाही. मिळाली तरी काटई नाक्यापासून शिळफाट्यापर्यंत गाड्यांची रांग. मोठागाव-माणकोली पूल अजून बांधून व्हायचा आहे, पश्चिमेला जाणारा कोपर पूल सप्टेंबरपासून बंद आहे, आणि कल्याणचा जुना पत्रीपूल 2018 मध्ये काढला त्याच्या जागी नव्याचे गर्डरही अजून बसलेले नाहीत. तुम्हाला हे सगळे पूल झालेले ठाऊक आहेत, पण सांगून उपयोग नाही. त्यांना आज दहाच्या आत टेबलाशी पोचायचं आहे.

तेवढ्यात त्यांच्याच इमारतीतल्या एक बाई रांगेच्या बाजूने झपझप जातात. राष्ट्रीयीकृत बँकेत आहेत. आजपासून रेल्वेने साडेतीनशे फेऱ्या वाढवून सातशे केल्या आणि केंद्र सरकारचे कर्मचारी, टपाल, प्राप्तिकर, सरकारी बँका यांना गाडीत घेतलं. कालपर्यंत त्या याच रांगेत होत्या. ‘काका, आजपासून आम्हाला लोकल,’ असं सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. एकाच जिन्यावरून उतरणाऱ्या दोघांतला एक तासाभरात पोचणार आणि दुसरा तीन तासांनी. दोघांच्या घरी म्हातारी माणसं आहेत, दोघांचा धोका सारखाच. फरक गळ्यातल्या ओळखपत्राचा.

रांगेत मोबाइल फिरतो. पंढरपूरला मुख्यमंत्र्यांनी रात्रीच महापूजा केली. ते स्वतः गाडी चालवत गेले, वारी झाली नाही, पालख्या निघाल्या नाहीत, पादुका काल एसटीने पोचल्या. ‘माउलीसुद्धा एसटीने,’ मागची बाई म्हणते आणि मोबाइलला हात लावून तो कपाळी नेते. याच मुख्यमंत्र्यांनी 31 मे रोजी ‘पुनश्च हरिओम’ म्हटलं होतं. तुरुंगातून सुटून केसरी पुन्हा हाती घेताना टिळकांनी 1899 मध्ये अग्रलेखाला दिलेलं ते शीर्षक. तो काळही प्लेगचा. तेव्हा मुंबईहून सुटलेल्यांना कल्याण स्थानकावर उतरवून तपासत. मुंबईहून येणाऱ्याच्या अंगाला रोग चिकटलेला असणार, हा संशय या शहरात तेवढा जुना आहे.

तो संशय या वर्षी कुठवर गेला, हे बघायला दोन महिने मागे या. मे महिन्याचा पहिला आठवडा. महापालिकेच्या यादीत रोज नवे रुग्ण, आणि त्यांतले बरेच मुंबईत कामाला जाणारे किंवा त्यांच्या घरचे. पोलीस, नर्स, बेस्टचे कंडक्टर, मुंबई महापालिकेचे सफाई कामगार. पालिकेने आदेश काढला की मुंबईत नोकरी करणाऱ्यांनी 8 मेपासून राहण्याची सोय मुंबईतच करून घ्यावी. तुम्ही रामनगरच्या एका जिन्यात उभे आहात. तिसऱ्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून आली आहे, चपला बाहेर काढून ती पायपुसण्याजवळ थांबली आहे. समोरचं दार फटीएवढं उघडतं. ‘ताई, राग मानू नका हं, पण तुम्ही थोडे दिवस तिकडेच राहिलात तर...? आमच्याकडे बाळ आहे.’ नर्स म्हणते, ‘वहिनी, माझ्याकडेही आहे.’ दोघी एकमेकींकडे बघतात, दार हळूच लागतं.

22 मार्चला संध्याकाळी पाच वाजता याच जिन्यातून थाळ्या वाजल्या होत्या, वहिनींनीही वाजवली होती आणि मनापासून वाजवली होती. मला त्यांना दुष्ट म्हणवत नाही. भीती खरी होती आणि बाळही खरं होतं. पण टाळ्या वाजवायच्या आणि त्याच माणसाला घरी येऊ नको म्हणायचं, हे आपल्या शहराने केलं आणि ते नीट आठवलं पाहिजे. आदेशाला विरोध झाला, तो मागे पडला. मुंबई चालवणारी माणसं इथे झोपतात, ती सगळी तिकडे ठेवायची तर कुठे ठेवणार?

जुलैत परत या. सकाळचे दहा. मानपाडा रोडवरचं एक केस कापायचं दुकान. गेल्या रविवारी, 28 जूनला, सरकारने सलून उघडायला परवानगी दिली, फक्त केस कापायची, दाढी नाही. तीन महिन्यांचं भाडं थकलं आहे. मालकाने उसने पैसे घेऊन एकदाच वापरायचे कागदी एप्रन आणले, हातमोजे आणले, खुर्च्यांच्या मधे प्लास्टिकचा पडदा टांगला. आजचा चौथा दिवस आणि उद्यापासून शटर खाली. एप्रनचं अर्धं बंडल तसंच आहे. कल्याणहून येणारा विशीचा कारागीर प्रत्येक गिऱ्हाइकानंतर कात्री, कंगवा, खुर्चीचे हात पुसतो. घाई करत नाही. ‘बंद करायचं तर उघडलं कशाला?’ मालक विचारतो, आणि दुसऱ्या दमात म्हणतो, ‘पण बंद केलंच पाहिजे हो, मागच्या गल्लीत काल दोन सापडले.’

दिवसभर तुम्ही हेच ऐकणार आहात. उघडावं की बंद ठेवावं असं विचारलं की लोक दोन्ही सांगतात, आणि दोन्ही मनापासून सांगतात. माझं दुकान उघडू द्या, पण मार्केटची गर्दी बंद करा. मला कामावर जाऊ द्या, पण कामवाल्या बाईला गेटच्या आत घेऊ नका. ठाण्यात घोडबंदर रोडवर एका संकुलाच्या गेटवर अशी बाई उभी आहे. चार घरची कामं होती. दोन घरांनी तीन महिने पगार दिला, दोघांनी एप्रिलनंतर फोन उचलला नाही. वॉचमन तिच्याच गावाकडचा. तो नियमावर बोट ठेवतो आणि खुर्ची पुढे करतो, ‘बसा मावशी, सेक्रेटरी येतील.’ सेक्रेटरी वरून बोलतात, घरूनच काम करतात, त्यांचा पगार पूर्ण आहे. ते म्हणतात, ‘अजून महिनाभर कडक ठेवायला हवं.’ महिनाभर थांबणं ज्याला परवडतं त्याला थांबण्याचा सल्ला सोपा असतो. तेव्हा टीव्हीवर आणि वर्तमानपत्रात लोकांचं मत म्हणून जे येत होतं त्यात मावशींचं मत फारसं नव्हतं.

संध्याकाळी फडके रोड. गणेश मंदिराकडून खाली माणसांचा लोंढा. किराणा, बटाटे, औषधं, रेनकोट. उद्यापासून काय उघडं राहणार याची प्रत्येक मोबाइलवर वेगळी यादी आहे. पोलिसांची गाडी भोंग्यावर सांगत जाते, अंतर ठेवा. एक बाई पाच किलोंचं पीठ दोन हातांत धरून उभी आहे, अंतर ठेवायला जागाच नाही. दुसऱ्या दिवशी या गर्दीचे फोटो छापून येतील आणि लोकांना शिस्त नाही असं म्हटलं जाईल. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. 24 मार्चला रात्री आठला घोषणा झाली आणि देश मध्यरात्री बंद झाला, हे त्या बाईला आठवतं आहे. दहा दिवस सांगितले की दहाच असतात यावर तिचा विश्वास उरलेला नाही, आणि ती बरोबर आहे. हे दहा दिवस 19 जुलैपर्यंत वाढणार आहेत.

पुढचे महिने भराभर जातात. जुलैत नालासोपाऱ्याला बस न मिळालेले प्रवासी रुळांवर उतरले. ऑक्टोबरात, नवरात्रात, सगळ्या महिलांना लोकल मिळाली, पण अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. 1 फेब्रुवारी 2021 पासून सगळ्यांना. वेळा मात्र अशा की पहिल्या गाडीपासून सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार, रात्री नऊनंतर. नऊ ते सहाची नोकरी यांत कुठे बसते? लोअर परळचे आपले हिशेबनीस पहाटेची गाडी धरून साडेसातला ऑफिसच्या पायरीवर येऊन बसत आणि रात्री नऊ वाजेपर्यंत तिथेच थांबत. तरी ते खूश होते, शिळफाटा सुटला म्हणून. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि तेही गेलं.

11 ऑगस्ट 2021 ला शेवटचं थांबा. डोंबिवली स्थानकाबाहेर पालिकेची टेबलं मांडली आहेत. दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना 15 ऑगस्टपासून लोकल, तीही मासिक पास काढून. सुटं तिकीट नाही. हिशेबनीसांच्या कागदावर शिक्का पडतो. त्यांच्या मागे सलूनमधला तो कारागीर आहे. मालकाने दुकान सोडलं, हा आता दादरला कामाला लागला आहे. त्याला पहिला डोस जुलैत मिळाला, कारण त्याच्या वयाच्यांना लस उशिरा खुली झाली आणि मग कित्येक दिवस केंद्रांवर ती नव्हतीच. दुसरा 84 दिवसांनी. टेबलामागची मुलगी कॅलेंडरवर बोट फिरवते, त्यात चौदा दिवस मिळवते.

‘ऑक्टोबरात या, दादा.’

‘आणि तोवर?’

ती इंदिरा चौकाकडे बघते. बसची रांग आज लहान आहे, पण आहे. तो कागद घडी घालून खिशात ठेवतो आणि शेपूट शोधायला निघतो.