टेलिफोनची वीज कोणाची?

कोणत्याहि सुधारणेचा जमाखर्च मांडतांना जमेची बाजू सर्वांच्या तोंडीं असते; खर्चाची बाजू मात्र प्रसंग ओढवल्यावांचून कोणी वाचीत नाहीं. घरोघरचा तारेचा टेलिफोन जाऊन त्याचे जागीं इंटरनेटवर चालणारा टेलिफोन येत आहे, त्या स्थित्यंतराची गोष्ट अशीच आहे. या सोयीचे आम्ही वैरी नाहीं. मुलें परदेशीं असलेल्या घरांत तिनें केवढें अंतर तोडलें, हें आम्हीं स्वतः अनुभविलें आहे. तथापि या बदलांत आपण काय देऊन काय घेत आहों, हें समजण्यास थोडें इतिहासाकडे वळणें अवश्य आहे.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यास टेलिफोनचें पेटंट मिळालें तें ७ मार्च १८७६ रोजीं. २८ जानेवारी १८७८ रोजीं अमेरिकेंतील न्यू हेवन येथें पहिलें व्यापारी एक्स्चेंज उघडलें. आणि त्यानंतर बरोबर चार वर्षांनीं, २८ जानेवारी १८८२ रोजीं, कलकत्ता, मद्रास व मुंबई येथें एक्स्चेंजें सुरू झालीं. त्या काळीं बोलण्यापुरती वीज पुरविणारी बॅटरी ज्याच्या त्याच्या घरीं असे. ती उतरली कीं टेलिफोन मुका. घरोघर या बॅटऱ्यांची निगा राखीत माणसें हिंडविणें कंपन्यांना परवडेना. म्हणून १८९० नंतरच्या दशकांत नवी पद्धत निघाली: एकच मोठी बॅटरी एक्स्चेंजमध्यें ठेवावयाची, व तिची वीज बोलण्याच्याच दोन तांब्याच्या तारांतून सर्वांस पोंचवावयाची. पुढें ४८ व्होल्टांचा दाब बहुतेक सर्वत्र रूढ झाला.

या व्यवस्थेच्या मुळाशीं भूतदया नव्हती, काटकसर होती. परंतु तिच्या पोटीं एक लोकोपकार जन्मास आला. एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांच्या पाठीशीं तेलावर चालणारीं जनित्रें उभीं राहिलीं, आणि घरांतील दिवे गेले तरी टेलिफोन जिवंत राहूं लागला. १४ ऑगस्ट २००३ रोजीं अमेरिका व कॅनडा मिळून सुमारें पांच कोटि लोक अंधारांत सांपडले; तेव्हां तारेचे साधे टेलिफोन बहुतांशीं चालूच होते.

१९९५ सालीं व्होकलटेक या इस्रायली कंपनीनें इंटरनेटवरून बोलण्याचें साधन बाजारांत आणलें, तेथून नव्या पर्वास आरंभ झाला. या पद्धतींत आवाजाचे अंकरूप तुकडे करून ते इंटरनेटवरून पाठवितात, व त्यासाठीं घरांत विजेवर चालणारी एक पेटी लागते. काचेच्या तंतूंतून प्रकाश येतो, वीज येत नाहीं. म्हणजे बॅटरीचा भार पुन्हां ग्राहकाच्याच माथीं आला! फरक इतकाच कीं, १८८२ सालच्या ग्राहकास आपली बॅटरी कोठें आहे हें ठाऊक होतें. आजच्यास ती आणावयास हवी, हेंच बहुधा ठाऊक नसतें.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. तार कोणत्या घरीं जाते हें एक्स्चेंजला माहीत असे. इंटरनेटचा क्रमांक कोठेंहि नेतां येतो. एरव्हीं हा गुण, पण संकटकाळीं तोच दोष. अमेरिकेंत १९६८ पासून ९११ या क्रमांकावर मदत मागतां येते. नव्या टेलिफोनवरून ती वेळेवर मिळत नाहीं असें दिसून आल्यावर २००५ सालीं तेथील केंद्रीय दळणवळण आयोगानें कंपन्यांस ही सेवा पुरविण्याचा हुकूम केला. तरीहि ठिकाण बदलल्यास नवा पत्ता कळविणें ग्राहकाच्याच हातीं राहिलें. तो विसरला, तर रुग्णवाहिका जुन्या दारीं जाऊन उभी राहावयाची.

ब्रिटनमध्यें या प्रश्नाची खरी कसोटी लागली. नोव्हेंबर २०२१ मध्यें ‘आर्वेन’ वादळानें लाखों घरांची वीज गेली. कांहीं ठिकाणीं ती आठवड्याहून अधिक काळ आली नाहीं. मार्च २०२२ मध्यें बीटी कंपनीनें घरगुती ग्राहकांचें स्थलांतर कांहीं काळ थांबविलें. तेथें अनेक वृद्ध एकटे राहतात व गळ्यांतील बटण दाबून मदत मागतात. टेलिफोन बदलल्यावर त्यांपैकीं कांहीं यंत्रें ऐन वेळीं मुकीं ठरलीं, तेव्हां डिसेंबर २०२३ मध्यें सरकारनें कंपन्यांकडून खबरदारीची सनद मान्य करून घेतली. जुनी व्यवस्था बंद करण्याची मुदत डिसेंबर २०२५ वरून जानेवारी २०२७ पर्यंत पुढें गेली. वीज गेल्यावर निदान एक तास तरी मदत मागतां यावी, एवढीच तेथील नियामकाची अपेक्षा. आठवड्याच्या अंधारास एक तासाची शिदोरी!

हें दूरदेशींचें म्हणून सोडून द्यावें, तर आमच्या वृद्ध आत्याबाईंची गोष्ट आठवते. पावसाळ्यांतील एका रात्रीं वीज गेली असतां त्या अंधारांत घसरून पडल्या. सवयीनें त्यांचा हात टेलिफोनकडे गेला. चाळीस वर्षांत प्रथमच त्यांतून कांहीं ऐकूं आलें नाहीं. मोबाइल दुसऱ्या खोलींत, तोहि उतरलेला. पहांटे दूधवाल्यानें हांक ऐकली म्हणून बरें. तार काढून नवी पेटी बसविण्याच्या कागदावर सही मात्र आम्हींच केली होती. स्वस्त पडतें, एवढेंच आम्हीं पाहिलें.

हातीं मोबाइल असतां काळजी कशाला, असें कोणी म्हणेल. पण त्याच्या मनोऱ्यासहि वीजच लागते, आणि मनोऱ्याची बॅटरी कांहीं तासांची धनी. तेव्हां मागें फिरा असें आमचें म्हणणें नाहीं. तांब्याची तार परत येणार नाहीं. पेटीस स्वतंत्र बॅटरी जोडावी, ती दर सहा महिन्यांनीं वीज बंद करून पारखून पाहावी, पत्ता बदलतांच कळवावा, आणि घरांतील वृद्धांस टेलिफोन केव्हां चालणार नाहीं हें स्पष्ट सांगावें. जें काम एक्स्चेंजनें शतकाहून अधिक काळ न बोलतां केलें, तें आतां ज्याचें त्यानें करावयाचें आहे. आत्याबाईंच्या उशाशीं आम्हीं आतां बॅटरी ठेविली आहे. ती आधींच ठेवावयास हवी होती.