वैद्यकीय उपकरणांच्या बेकायदा चाचण्या आणि अधिकाऱ्यांचे उत्तरदायित्व : सिंथेस-नॉरियन खटल्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असली तरी तिला तुरुंगात धाडता येत नाही. ती दंड भरते, प्रसंगी नाव बदलते वा विकली जाते आणि व्यवसाय पुढे चालू राहतो. सदोष अथवा अनधिकृत मालामुळे माणसे दगावतात तेव्हा उत्तर कोणी द्यायचे, हा प्रश्न त्यामुळे औद्योगिक समाजात वारंवार उपस्थित झाला आहे. वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात तो अधिकच तीव्र होतो; कारण उपकरण रुग्णाच्या शरीरात बसविले जाते आणि त्याची पारख करणे रुग्णाच्या आवाक्याबाहेरचे असते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील सिंथेस आणि नॉरियन या कंपन्यांवर २००९ ते २०११ या काळात चाललेल्या खटल्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. कंपनीवरील दंडापेक्षा पदावरील व्यक्तीवर निश्चित केलेली जबाबदारी अधिक परिणामकारक ठरते, मात्र तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट असते, असे या खटल्यावरून दिसून येते.

कायद्याची जडणघडण

अमेरिकेतील औषधविषयक कायद्यांचा इतिहास हा बहुतांशी दुर्घटनांचा इतिहास आहे. १९३७ मध्ये 'एलिक्सिर सल्फानिलामाइड' या द्रव औषधामुळे शंभरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत अनेक बालके होती. औषध विरघळविण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य वापरले होते. विक्रीपूर्वी औषधाची सुरक्षितता तपासण्याचे बंधन तत्कालीन कायद्यात नव्हते. त्यामुळे कारवाई झाली ती 'एलिक्सिर' हे नाव चुकीचे होते, म्हणजे औषधात मद्यार्क नव्हता, या कारणावरून. माणसे विषाने गेली आणि गुन्हा लेबलाचा ठरला. या विसंगतीतून १९३८ चा अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा जन्माला आला.

या कायद्याचा अर्थ लावताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन महत्त्वाचे निर्णय दिले. १९४३ च्या डॉटरवाइक खटल्यात बफेलो येथील एका औषध कंपनीच्या अध्यक्षाला दोषी ठरविण्यात आले. त्याच खटल्यात ज्यूरीने कंपनीला निर्दोष सोडले होते, हे विशेष. धोका टाळण्याची संधी ज्याच्या हाती आहे त्याने जोखीम वाहावी, असहाय जनतेने नव्हे, असे तत्त्व या निर्णयामागे होते. १९७५ च्या पार्क खटल्यात हेच तत्त्व अधिक स्पष्ट झाले. अॅक्मे मार्केट्स या मोठ्या किराणा कंपनीच्या बाल्टिमोर येथील गोदामात उंदरांचा सुळसुळाट झाला होता. कंपनीचा अध्यक्ष फिलाडेल्फियात बसत असला तरी व्यवस्था सुधारण्याचे अधिकार त्याच्याकडे होते, म्हणून तो दोषी ठरला. त्याला झालेला एकूण दंड अवघा २५० डॉलर होता. परंतु उल्लंघन रोखण्याचा अधिकार असणारा अधिकारी, त्याचा हेतू वा सहभाग सिद्ध झाला नाही तरी, जबाबदार धरला जाऊ शकतो, हे तत्त्व कायम झाले.

वैद्यकीय उपकरणे मात्र दीर्घकाळ पूर्वपरवानगीच्या कक्षेबाहेर राहिली. १९७० च्या दशकात 'डॅल्कन शील्ड' या गर्भनिरोधक साधनामुळे असंख्य स्त्रियांना गंभीर जंतुसंसर्ग झाला आणि त्यानंतर १९७६ मध्ये उपकरणविषयक दुरुस्ती कायदा संमत झाला. तेव्हापासून गंभीर जोखमीच्या उपकरणाची माणसांवर चाचणी करावयाची असल्यास अन्न व औषध प्रशासनाची विशेष अनुमती, संस्थात्मक नीतिमत्ता समितीची मान्यता आणि रुग्णाची माहितीपूर्वक संमती आवश्यक ठरली.

अस्थि-सिमेंटचे प्रकरण

सिंथेस ही हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी लागणारी साधने बनविणारी नामांकित कंपनी होती व तिचे अमेरिकेतील मुख्यालय पेनसिल्व्हेनिया राज्यात होते. नॉरियन ही तिची उपकंपनी कॅल्शियम फॉस्फेटपासून हाडांतील पोकळी भरण्याचे सिमेंट तयार करीत असे. वृद्धांमध्ये मणका दबून होणारा अस्थिभंग ही सामान्य व वेदनादायक व्याधी असल्याने तिच्या उपचारांची बाजारपेठ मोठी होती. तथापि 'नॉरियन एक्सआर' या सिमेंटला या उपयोगासाठी परवानगी नव्हती. उलट लेबलावर त्याविरुद्ध स्पष्ट इशारा होता.

धोक्याची पूर्वसूचनाही कंपनीला मिळाली होती. हे सिमेंट मानवी रक्तात मिसळल्यास गुठळ्या होतात, असे परीक्षानळीतील प्रयोगांत आढळले होते. डुकरावरील प्रयोगात अशा गुठळ्या फुप्फुसांत जाऊन अडकल्याचे दिसले होते. अशा वेळी रीतसर अनुमती घेऊन नियंत्रित चाचणी करणे हाच वैध मार्ग होता. त्यासाठी वेळ आणि पैसा लागला असता. तो मार्ग टाळून कंपनीने निवडक शल्यचिकित्सकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी मणक्याच्या शस्त्रक्रियांत सिमेंट वापरण्याची आणि त्यांचे अनुभव गोळा करण्याची योजना आखली. अंतर्गत व्यवहारात तिला चाचणी-विक्रीचे स्वरूप दिले गेले.

येथे कायद्यातील एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावा लागतो. मान्यताप्राप्त उपकरण लेबलाबाहेरील उपयोगासाठी वापरण्याची मुभा डॉक्टरला आपल्या विवेकानुसार असते. उत्पादकाला तशा वापराचा पुरस्कार करण्याची मुभा नसते. डॉक्टरांच्या या स्वातंत्र्याच्या आडून उत्पादकाने प्रत्यक्षात चाचणीच घडवून आणली, हा सरकारी आरोपाचा गाभा होता. परिणामी शस्त्रक्रियेच्या टेबलावरील रुग्ण आपण प्रयोगाचा विषय आहोत हे जाणत नव्हता.

२००३-०४ च्या सुमारास असे तीन रुग्ण शस्त्रक्रियेदरम्यान दगावले. तिसऱ्या मृत्यूनंतरच कंपनीने ही विक्री थांबविली. उत्पादन बाजारातून परत घेतले असते तर मृत्यूंचा तपशील प्रशासनाला कळवावा लागला असता. ते टाळण्यात आले. मे-जून २००४ मधील तपासणीच्या वेळी अधिकाऱ्यांना खोटी माहिती देण्यात आली, असेही आरोपपत्रात नमूद होते.

खटला आणि शिक्षा

जून २००९ मध्ये दोन्ही कंपन्यांवर व सिंथेसच्या चार वरिष्ठ अधिकाऱ्यांवर फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात आरोप ठेवण्यात आले. चौघांनी जबाबदार अधिकारी या नात्याने प्रत्येकी एक कनिष्ठ दर्जाचा गुन्हा कबूल केला. २०१० मध्ये नॉरियनने कटाचा एक गंभीर गुन्हा आणि बेकायदा माल पाठविल्याचे ११० कनिष्ठ गुन्हे, तर सिंथेसने एक कनिष्ठ गुन्हा मान्य केला. दोघींनी मिळून २ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक रक्कम भरली आणि सिंथेसला नॉरियनचा व्यवसाय विकून टाकणे भाग पडले. २०११ च्या अखेरीस न्यायाधीश लेग्रोम डेव्हिस यांनी दोघा अधिकाऱ्यांना प्रत्येकी नऊ महिने, एकाला आठ आणि एकाला पाच महिने कारावासाची शिक्षा दिली.

या शिक्षेचे वेगळेपण २००७ च्या पर्ड्यू प्रकरणाशी तुलना केल्यास ध्यानात येते. वेदनाशामक औषधाच्या फसव्या प्रचाराबद्दल त्या कंपनीच्या तिघा उच्चाधिकाऱ्यांनी याच तत्त्वानुसार गुन्हा कबूल केला होता. पण त्यांना कारावास न होता परिवीक्षा आणि समाजसेवेची शिक्षा झाली. सिंथेस प्रकरणात प्रत्यक्ष तुरुंगवास झाल्याने उद्योगातील विधी-सल्लागारांना या तत्त्वाची गंभीर दखल घ्यावी लागली.

दंडाची बाजू मात्र तितकी आश्वासक नाही. २०१२ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने सिंथेस सुमारे २० अब्ज डॉलरना विकत घेतली. त्या किमतीच्या तुलनेत भरलेली रक्कम सुमारे एक-दशांश टक्का भरते. एवढी रक्कम मोठ्या उद्योगाच्या हिशोबवहीत व्यवसायाचा खर्च म्हणून सहज सामावते. शिवाय खटल्यातील गुन्हे कटाचे, बेकायदा माल पाठविण्याचे आणि लेबलाचे होते. मनुष्यवधाचा आरोप कोणावरही नव्हता. १९३७ ची विसंगती बदललेल्या रूपात येथे पुन्हा दिसते.

भारतीय संदर्भ

सिंथेसचे विलीनीकरण जॉन्सन अँड जॉन्सनच्या ज्या डीप्यू या शाखेत झाले, तिचे नाव भारतीय वाचकांना वेगळ्या संदर्भात परिचित आहे. त्या शाखेचा 'एएसआर' हा कृत्रिम खुब्याचा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत घेण्यात आला. भारतात त्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. हे प्रकरण विलीनीकरणापूर्वीचे असून बेकायदा चाचणीचे नव्हे, सदोष उपकरणाचे होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यात पोलिसांकडे तक्रार नोंदविली. केंद्र सरकारने नुकसानभरपाईचे सूत्र ठरविले ते २०१८ मध्ये. भरपाईचा प्रश्न आठ वर्षे रेंगाळला.

भारतीय कायद्यात जबाबदारीचे तत्त्व नाही असे नव्हे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम ३४ नुसार कंपनीने गुन्हा केल्यास, त्या वेळी तिच्या कारभाराची धुरा सांभाळणारी व्यक्तीही दोषी मानली जाते. मात्र गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी योग्य ती दक्षता घेतली होती, असे तिने सिद्ध केल्यास तिला सुटका मिळते. पार्क खटल्याच्या तत्त्वात अज्ञानाचा बचाव पुरेसा नाही. भारतात तो उपलब्ध आहे. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ अन्वये मानवी चाचणीसाठी परवानगी व नीतिमत्ता समितीची मान्यता आवश्यक झाली आणि एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषधाच्या व्याख्येत आली. म्हणजे नियमांची चौकट विस्तारली आहे. प्रश्न उरतो तो या चौकटीत प्रत्यक्ष कोणाला उभे केले जाते याचा.

निष्कर्ष

सिंथेस खटल्यातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, डॉक्टरच्या उपचार-स्वातंत्र्याचा आडोसा घेऊन चाचणीला विक्रीचे रूप देणे शक्य असते. म्हणून उत्पादक आणि शल्यचिकित्सक यांच्यातील प्रशिक्षण व अनुभव-संकलनाच्या व्यवहारांवर देखरेख हवी. दुसरी, दंड भागधारकांच्या पैशांतून भरला जातो, तर कारावास ज्याचा त्यालाच भोगावा लागतो. तिसरी, हेतू सिद्ध न करता दिलेली शिक्षा सौम्यच असणार. त्यामुळे हे तत्त्व गंभीर गुन्ह्याच्या तपासाला पूरक ठरावे, पर्याय नव्हे. चौघे अधिकारी काही महिन्यांनी तुरुंगातून बाहेर आले, नॉरियन विकली गेली, सिंथेसचे विलीनीकरण झाले. ज्यांना आपल्यावर प्रयोग होत असल्याचे कोणी सांगितलेच नव्हते त्या तीन रुग्णांचा मृत्यू मात्र न्यायालयाच्या निकालात स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंदला गेला नाही. उत्तरदायित्वाच्या कायद्याची पुढील वाटचाल ही उणीव भरून काढते की नाही, यावरच त्याचे मोल ठरेल.