डॉजर्सना इतके पिचर का लागतात? बेसबॉलमधल्या सगळ्यात महागड्या हातांची गोष्ट

टोरंटोमध्ये १ नोव्हेंबर २०२५ला वर्ल्ड सिरीजचा सातवा आणि निर्णायक सामना झाला. लॉस एंजेलिस डॉजर्सचा जपानी पिचर योशिनोबू यामामोतो आदल्याच रात्री ९६ चेंडू टाकून आला होता. बेसबॉलमध्ये एवढे चेंडू टाकल्यावर पिचरला पुढचे किमान चार दिवस विश्रांती देतात. पण सामना बरोबरीत अडकला तेव्हा नवव्या डावात त्यालाच बोलावलं गेलं. त्याने आणखी ३४ चेंडू टाकले आणि ११व्या डावात डॉजर्सनी टोरंटो ब्लू जेजला ५-४ असं हरवून सलग दुसऱ्या वर्षी विजेतेपद मिळवलं.

त्या सामन्यात डॉजर्सनी सहा पिचर वापरले. शोहेई ओतानी, जस्टिन रोब्लेस्की, टायलर ग्लासनाऊ, एमेट शीहन, ब्लेक स्नेल आणि शेवटी यामामोतो. यांतल्या चौघांचे करार एकत्र केले तर आकडा १३४ कोटी डॉलरच्या वर जातो. आणि सहापैकी चौघांच्या कोपराच्या लिगामेंटवर कधी ना कधी शस्त्रक्रिया झालेली होती.

डॉजर्स संघ कसा बांधतात हे समजून घ्यायचं तर हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावे लागतात. पैशांच्या जोरावर जिंकणारा संघ म्हणून त्यांच्यावर टीका होते आणि ती पूर्ण खोटी नाही. पण हा पैसा मुख्यतः एका भीतीपोटी खर्च होतो. पिचरचा हात कधीही जाऊ शकतो, ही ती भीती.

पाच जण पुरत नाहीत?

क्रिकेटमध्ये जसा बॉलर, तसा बेसबॉलमध्ये पिचर. फरक असा की इथे षटकं वाटून घेता येत नाहीत. एक पिचर सुरुवात करतो, साधारण ९० ते १०० चेंडू टाकतो आणि दमला की बाहेर जातो. बाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. उरलेले डाव बुलपेनमध्ये बसलेले राखीव पिचर सांभाळतात. जसप्रीत बुमराह २०२५च्या इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी तीनच कसोटी खेळला तेव्हा आपल्याकडे केवढा वाद झाला होता. बेसबॉलचा संघ सहा महिन्यांत १६२ सामने खेळतो. म्हणजे वर्कलोडचा तो वाद तिथे रोजचा आहे.

म्हणून सुरुवात करणाऱ्या पाच-सहा पिचरची पाळी लावलेली असते. तिला रोटेशन म्हणतात. संघात एकूण २६ खेळाडू आणि त्यात जास्तीत जास्त १३ पिचर, असा नियम आहे. कागदावर हे भरपूर वाटतं.

आता डॉजर्सचं २०२४ साल बघा. टोनी गोन्सोलिन आदल्या वर्षीच्या कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर. क्लेटन कर्शाच्या खांद्याची शस्त्रक्रिया झालेली. मेमध्ये शीहनच्या कोपरावर शस्त्रक्रिया. जूनमध्ये यामामोतोचा खांदा दुखावला, तो थेट सप्टेंबरमध्ये परतला. ऑगस्टमध्ये ग्लासनाऊचं कोपर गेलं. डस्टिन मे कोपराच्या दुखापतीतून सावरत होता, तर सॅलड खाताना घशात काहीतरी अडकून त्याची अन्ननलिकाच फाटली आणि तातडीने ऑपरेशन करावं लागलं. (याचा विमा कुठल्याच व्यवस्थापनाच्या डोक्यात नसणार!) ऑक्टोबरमध्ये बाद फेरी सुरू झाली तेव्हा धडधाकट स्टार्टर उरले होते तीन. सॅन दिएगोविरुद्ध हरलो तर बाहेर अशा सामन्यात डॉजर्सनी स्टार्टर न वापरता एकामागून एक आठ पिचर आणले आणि ८-० असा विजय मिळवला. महिनाअखेर न्यूयॉर्क यांकीजला ४-१ हरवून ते विजेतेही झाले.

एवढ्यावर शहाणं होऊन त्यांनी २०२५साठी आणखी पिचर घेतले. यामामोतो, स्नेल, ग्लासनाऊ, रोकी सासाकी आणि मे अशी रोटेशन ठरली. हंगामभर तिच्यात टिकला तो एकटा यामामोतो. स्नेल, ग्लासनाऊ आणि सासाकी, तिघांचेही खांदे दुखावले. मेला जुलैअखेर बोस्टनला देऊन टाकण्यात आलं.

हात इतके का मोडतात?

हा प्रश्न एकट्या डॉजर्सचा नाही. मेजर लीग बेसबॉलनेच डिसेंबर २०२४मध्ये यावर अहवाल काढला. पिचरना दुखापतग्रस्तांच्या यादीत टाकण्याच्या घटना २००५मध्ये २१२ होत्या, २०२४मध्ये ४८५ झाल्या. वेगवान चेंडूचा सरासरी वेग २००८मध्ये ताशी ९१.३ मैल होता, तो २०२४मध्ये ९४.२ मैलांवर, म्हणजे ताशी सुमारे १५१ किलोमीटरवर गेला. वेग, चेंडूला जास्तीत जास्त वळण देण्याचा हट्ट आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकण्याची सवय, ही कारणं अहवालात पुढे आली. ताण सगळ्यात जास्त येतो तो कोपराच्या आतल्या बाजूच्या एका लिगामेंटवर. स्नायू बळकट करता येतात, हे लिगामेंट त्या प्रमाणात बळकट करता येत नाही.

ते फाटलं की होणाऱ्या शस्त्रक्रियेचं नाव टॉमी जॉन सर्जरी. योगायोग म्हणा, पण टॉमी जॉन हाही डॉजर्सचाच पिचर. सप्टेंबर १९७४मध्ये संघाचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हातातला टेंडन काढून निकामी झालेल्या लिगामेंटच्या जागी बसवला. असं आधी कुठल्याही पिचरवर झालं नव्हतं. पुन्हा खेळण्याची शक्यता जोब यांनी शंभरात एक सांगितली होती. जॉन १९७६मध्ये परतला आणि १९८९पर्यंत खेळला. कारकिर्दीतल्या २८८ विजयांपैकी १६४ त्याने शस्त्रक्रियेनंतर मिळवले.

त्या यशाने एक गैरसमजही रुजला. शस्त्रक्रिया झाली की हात नव्यासारखा होतो, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात वर्ष-दीड वर्ष वाया जातं आणि ती पुन्हा करावी लागणारेही कमी नाहीत. वॉकर ब्यूलरची ती दोनदा झाली. ओतानीच्या कोपरावरही दोनदा शस्त्रक्रिया झाली आहे.

मग ७० कोटी डॉलर कशाचे?

बेसबॉलमधल्या कराराची एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. मोठ्या करारातली रक्कम हमीची असते. खेळाडू जायबंदी होऊन वर्षभर घरी बसला तरी पगार द्यावाच लागतो. म्हणजे पिचरशी लांबचा करार हा संघाने लावलेला जुगार असतो. यामामोतोला १२ वर्षांचे ३२.५ कोटी डॉलर देऊ केले तेव्हा अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये त्याने एकही चेंडू टाकलेला नव्हता. त्याच्या जपानी क्लबला, ओरिक्स बफेलोजला, पाच कोटी डॉलरवर रक्कम द्यावी लागली ती वेगळीच. स्नेलचा करार पाच वर्षांचा, १८.२ कोटी डॉलरचा.

ओतानीचा करार १० वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा. तेव्हाच्या दराने साधारण ५,८०० कोटी रुपये. (तो फलंदाजीही करतो, हे विसरायला नको. २०२४मध्ये तर कोपरामुळे त्याने एकही चेंडू टाकला नाही, नुसती फलंदाजी केली.) यातली खरी चलाखी पैसे कधी द्यायचे त्यात आहे. दरवर्षीच्या सात कोटींपैकी फक्त २० लाख डॉलर त्याच्या हातात पडतात. उरलेले ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात बिनव्याजी मिळणार आहेत. उशिरा मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत कमी धरली जाते. त्यामुळे लीगच्या हिशेबात त्याचा वार्षिक भार सात कोटींऐवजी साधारण ४.६ कोटी डॉलर मोजला जातो. नियमात हे बसतं. इतर संघांना मात्र ते खटकतं.

हा हिशेब महत्त्वाचा का? आयपीएलमध्ये प्रत्येक संघाला ठरलेली मर्यादा असते (२०२५मध्ये ती १२० कोटी रुपये होती), ती ओलांडताच येत नाही. मेजर लीगमध्ये अशी मर्यादा नाही, कर आहे. २०२५मध्ये पगाराचा आकडा २४.१ कोटी डॉलरच्या वर गेला की कर सुरू होत होता. सलग तीन वर्षं मर्यादा ओलांडणाऱ्या संघाला सगळ्यात वरच्या टप्प्यात ११० टक्के कर लागतो. म्हणजे वाढीव एक कोटी डॉलरचा पिचर घेतला तर खर्च दोन कोटी दहा लाखांचा. त्या वर्षी डॉजर्सचा कर सुमारे १६.९ कोटी डॉलर झाला. लीगमधल्या अनेक संघांचा वर्षाचा एकूण पगार याहून कमी आहे.

आणि स्वस्तातले पिचर?

सगळेच जागा अशा भरत नाहीत. यामामोतोच्या आधी त्या सातव्या सामन्यात आलेले शीहन आणि रोब्लेस्की २०२१च्या ड्राफ्टमध्ये अनुक्रमे सहाव्या आणि ११व्या फेरीत निवडले गेले होते. ही डॉजर्सच्या खोलीची दुसरी बाजू आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही.

मेजर लीगमध्ये पोहोचलेला नवा खेळाडू पहिली सहा वर्षं क्लबला बांधलेला असतो. पहिली साधारण तीन वर्षं त्याला किमान पगाराच्या आसपासच मिळतं. २०२५मध्ये तो होता ७,६०,००० डॉलर. पुढची तीन वर्षं लवादामार्फत पगार ठरू शकतो आणि त्यानंतर तो फ्री एजंट होतो, म्हणजे हव्या त्या संघाशी बोलणी करू शकतो. शिवाय तीन हंगामांपर्यंत क्लब त्याला मर्जीप्रमाणे मायनर लीगमध्ये खाली पाठवू शकतो. थकलेला तरुण पिचर खाली, ताज्या हाताचा वर, असं चक्र त्यामुळे फिरवता येतं. मायनर लीगच्या सगळ्यात वरच्या स्तरावर २०२३च्या करारात किमान पगार ठरला वर्षाला ३५,८०० डॉलर. वर आणि खाली यांत वीसपट अंतर. त्यामुळे कोपर कुठे असताना दुखावलं, यावर तरुण पिचरचं बरंच काही अवलंबून असतं. मेजर लीगमध्ये असताना दुखावलं तर त्या दर्जाचा पगार आणि सेवाकाळ दोन्ही चालू राहतात.

गेविन स्टोनचं उदाहरण घ्या. २०२०च्या ड्राफ्टमधली पाचवी, म्हणजे त्या वर्षीची शेवटची फेरी. २०२४मध्ये सगळे मोठे हात पडत असताना त्याने २५ सामन्यांची सुरुवात केली आणि डॉजर्सच्या कुठल्याही पिचरपेक्षा जास्त डाव टाकले. संघ विजेता झाला तेव्हा तो मैदानात नव्हता. ऑक्टोबरमध्ये त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि २०२५चा अख्खा हंगाम गेला. रिव्हर रायन तर वर येऊन चारच सामने खेळला. त्या चारांत त्याने भल्याभल्यांना चकवलं आणि लगेच टॉमी जॉन सर्जरी.

सासाकीची गोष्ट याच्या उलट आहे. तो जपानमधला गाजलेला पिचर, पण २३ वर्षांचा असतानाच अमेरिकेत आला. २५ वर्षांखालच्या परदेशी खेळाडूला नियमानुसार नवशिक्यांच्या ठरावीक निधीतूनच पैसे देता येतात. त्यामुळे तो ६५ लाख डॉलरमध्ये मिळाला. दोन वर्षं थांबला असता तर कितीतरी पट जास्त मिळाले असते. तो निधी वाढवण्यासाठी डॉजर्सनी मायनर लीगमधले दोन खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकले.

ट्रेडमध्ये कोण जिंकतं?

तिसरा मार्ग अदलाबदलीचा. बहुतेक खेळाडूंना यात नाही म्हणता येत नाही. एका फोनवर शहर बदलतं. जुलै २०२४च्या अखेरीस, मुदत संपता संपता, डॉजर्सनी डेट्रॉइटकडून जॅक फ्लाहर्टी घेतला आणि दोन तरुण खेळाडू दिले. फ्लाहर्टीचा करार त्याच वर्षी संपणार होता, म्हणजे सौदा तीन महिन्यांचा. त्या शेवटच्या तीन धडधाकट स्टार्टरमध्ये तो एक होता, तेव्हा किंमत वसूल झाली असं म्हणायला हवं. दिलेल्यांपैकी ट्रे स्वीनी मात्र लगेचच डेट्रॉइटसाठी खेळू लागला.

ग्लासनाऊचा हिशेब अवघड आहे. डिसेंबर २०२३मध्ये त्याच्या बदल्यात टँपा बे रेजला रायन पेपियट गेला आणि ग्लासनाऊशी पाच वर्षांचा १३.६५ कोटी डॉलरचा करार झाला. २०२५मध्ये पेपियटने ३१ सामन्यांची सुरुवात केली, ग्लासनाऊने १८ची, आणि पेपियटचा पगार किमान पगाराच्या आसपास होता. रेजसारख्या गरीब क्लबला नेमका असाच सौदा हवा असतो. डॉजर्सना एप्रिलपेक्षा ऑक्टोबरची काळजी जास्त असते, आणि ऑक्टोबरमध्ये ग्लासनाऊ उभा होता.

याच वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात १८ डाव झाले. डॉजर्सचे नऊ पिचर वापरून झाले आणि दहावा आला विल क्लाइन, जूनमध्ये सिअॅटलकडून एका छोट्याशा ट्रेडमध्ये मिळालेला. ग्लासनाऊसारखं त्याचं नाव कुणाच्या ओठांवर नव्हतं, आधीच्या तिन्ही फेऱ्यांच्या संघात त्याला जागाही नव्हती. त्याने ७२ चेंडू टाकले, चार डावांत एकही धाव दिली नाही आणि फ्रेडी फ्रीमनच्या होमरनने सामना ६-५ असा संपला. बुलपेनमध्ये तेव्हा हात मोकळा करायला उठलेला होता यामामोतो, दोनच दिवसांपूर्वी पूर्ण नऊ डाव टाकलेला. क्लाइन आणखी थोडा जरी डगमगला असता तर त्यालाच यावं लागलं असतं.

खेळाडू आणि मालक यांच्यातला सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ला संपतो. पगारावर कडक मर्यादा हवी, अशी काही मालकांची मागणी आहे आणि खेळाडूंची संघटना तिच्या विरोधात ठाम उभी आहे.