ड्रेफसचे दप्तर

कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफसचे नाव आम्ही हिंदुस्थानात शाळेत शिकलो ते दोनच ओळींत: एका निरपराध यहुदी अधिकाऱ्याला फ्रान्समध्ये शिक्षा झाली आणि पुढे तो सुटला. इस्राएलात आल्यावर हर्झलच्या चरित्रात तो पुन्हा भेटला. पण 'पुढे सुटला' या दोन शब्दांत साडेअकरा वर्षे आणि कितीतरी अर्ज दडलेले आहेत. आज त्यांविषयी लिहितो.

२२ डिसेंबर १८९४ रोजी पॅरिसच्या लष्करी कोर्टाने ड्रेफसला जर्मनीला गुपिते पुरविल्याबद्दल आजन्म काळ्या पाण्याची शिक्षा दिली. मुख्य पुरावा म्हणजे सही नसलेली एक चिठ्ठी. अक्षर ओळखणाऱ्या पाच तज्ज्ञांपैकी तिघे म्हणाले त्याचेच, दोघे म्हणाले नव्हे. मग निकालाच्या खोलीत न्यायाधीशांच्या हाती एक गुप्त दप्तर देण्यात आले. ते आरोपीला दाखवले नाही, त्याच्या वकिलालाही नाही. जे वाचायलाच मिळाले नाही, त्याला उत्तर कसे द्यायचे? पहिले अपील त्याच महिन्याच्या ३१ तारखेला फेटाळले गेले.

सप्टेंबर १८९६ मध्ये एका वृत्तपत्राने त्या दप्तराची गोष्ट फोडली. ड्रेफसची पत्नी ल्युसी हिने लगेच संसदेकडे अर्ज केला. तोही नामंजूर झाला. नवरा सैतानाच्या बेटावर, पदरी दोन लहान मुले. पण बाई खचली नाही. दीर माथ्यूही दारोदार फिरत राहिला.

ऑगस्ट १८९८ मध्ये एक लष्करी अधिकारी रात्री दिव्याच्या उजेडात ते कागद तपासत होता. ड्रेफसचे नाव असलेल्या एका पत्राच्या कागदावरील रेघांचे रंग जुळेनात! दोन वेगळ्या पत्रांचे तुकडे जोडून ते बनवले होते. बनवणाऱ्या कर्नल आंरीने कबुली दिली आणि कोठडीत स्वतःचा गळा चिरून घेतला. ल्युसीने पुन्हा अर्ज केला. ३ जून १८९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि रेन येथे नवा लष्करी खटला नेमला.

तिथे ९ सप्टेंबरला पाच विरुद्ध दोन मतांनी ड्रेफस पुन्हा दोषी ठरला. शिक्षा दहा वर्षे. दहा दिवसांनी राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली, पण त्यासाठी अपील मागे घ्यावे लागले. त्याच्या कैवाऱ्यांपैकी काहींना हे रुचले नाही. माफी गुन्हेगाराला असते, असे ते म्हणत. ते खरेच, पण बेटावर चार वर्षांहून अधिक काळ काढून शरीराने मोडलेल्या माणसाला घरी बसून नावे ठेवणे आम्हाला जमत नाही. शिवाय माफी घेतानाच निर्दोष ठरेपर्यंत झगडण्याचे त्याने जाहीर केले होते.

नोव्हेंबर १९०३ मध्ये त्याने पुन्हा अर्ज केला. युद्धखात्याचे दप्तर नव्याने उपसले गेले. एका पत्रात मूळ अक्षर खोडून 'डी' केलेला सापडला, दुसऱ्यावरची तारीख बदललेली निघाली. १२ जुलै १९०६ रोजी न्यायालयाने रेनचा निकाल रद्द केला आणि पुन्हा खटल्याची गरज नाही असे ठरवले.

ज्या दप्तराने त्याला बुडवले, त्यानेच त्याला तारले. कारण ते जाळले गेले नाही आणि ते उघडा म्हणणारे थकले नाहीत. म्हणून नातवंडांना ही गोष्ट सांगताना 'पुढे सुटला' एवढ्यावर थांबू नये. ल्युसीचे अर्जही मोजून सांगावेत.